नळीची राखण

यवतमाळ, दवाखान्यातून
१९ जानेवारी २०२५

अंजू,

तुहा बाप मेला नाही. हे पहिलेच लिहून टाकते, नाही तर तेवढंच शोधायले तू कागद उलटापालटा करशील. जिता आहे. पण जसा जिता आहे तसं कोणी जगू नये.

मी जमनी, तुही दादी. अक्षरावरून ओळखलंच असशील. जोडाक्षरं तूच शिकवली होती, अजून तशीच वाकडी निघतात. फोन लावला असता, पण तांड्यावरच्या सगळ्यांचे नंबर तू बंद करून ठेवले. कागद तसा बंद करता येत नाही. फाडता येते, पण फाडायच्या आधी माणूस एक नजर टाकतेच.

पत्ता इथल्या आरजू सिस्टरनं दिला. तुह्याच बॅचची आहे म्हणे. मी नंबर मागतला तर तिनं मान हलवली. "आजी, नंबर तिले विचारल्याशिवाय नाही देणार. नाशिकच्या होस्टेलचा पत्ता देते. पत्र आलं तर तिचं काही बिघडत नाही." हुशार आहे पोरगी. दिसायले कडक, अन् आहेच कडक.

झालं असं का, प्रेमसिंग कापसाच्या गाडीवर बसून जिनिंगले चालला होता. पुढे डायव्हरजवळ जागा होती, पण तुह्या बापाले नेहमी सगळ्यांच्या वर बसायचं असते. गाडी खड्ड्यात आदळली अन् तो मानेवर पडला. मानेची हाडं मोडली. खांद्याच्या खाली काही हालत नाही. डोकं शाबूत आहे, डोळे फिरतात, सगळं समजते. श्वास घेते, पण खोकायची ताकद नाही. म्हणून गळ्याले भोक पाडून नळी टाकली. त्या नळीत कफ साचते, घरघर लागते, अन् मशीननं ओढून काढला नाही तर माणूस बसल्या जागी बुडते. विहिरीत नाही, खाटेवर.

हे तुले सांगायची गरज नाही, तुहा रोजचा धंदा आहे. पण मले कोणाले तरी सांगावं लागते. तुह्या काकाले, शंकरसिंगले, सांगता येत नाही. त्यानं पहिला कफ पाहिला अन् आडवा झाला. सिस्टरनं आधी त्याच्या तोंडावर पाणी मारलं, मंग पेशंटकडे गेली.

वॉर्डात माणसं भरलेली अन् सिस्टर एक. एकाजवळून दुसऱ्याजवळ पोचेपर्यंत तिसरा निळा होते. तिले मी नावं ठेवत नाही. तिनं माह्या हातात मोजे चढवले अन् सांगतलं, "आजी, मशीनची नळी आत घालताना ओढायचं नाही. बाहेर काढताना ओढायचं, फिरवत फिरवत. अन् घालायच्या आधी आपला श्वास रोखायचा."

"माहा कायले? भोक तर त्याले आहे."

"तुमचा जीव कासावीस झाला का समजायचं, त्याचाही झाला. लगेच बाहेर काढायची."

"बाई, या वयात माहा जीव बसल्या बसल्या कासावीस होते."

"मग तर चांगलंच," म्हणे, "पेशंटले तरास कमी."

तेव्हापासून मीच काढते. आता घरी सोडून राह्यले. खाट दुसऱ्याले पायजे, ते बी खरं आहे, भुईवर माणसं झोपली आहेत. डॉक्टरनं विचारलं, घरी कोण करणार? मी म्हटलं, "बायको कधीची वारली. भाऊ आडवा होते. पोरगी शिकलेली नर्स आहे, पण ती बोलत नाही." तो कागदावर लिहीत होता, मान वर न करता म्हणे, "मग तुम्हीच."

पाच वर्षांमागे कोरोनाच्या ड्युटीवरून सुट्टी घेऊन तू आलीस अन् यानं तुले शिवेवरच अडवली. "दवाखान्याचा रोग घेऊन आली" म्हणाला अन् उलट्या पावली परत लावली. मी तिथं होती. तुले माहीत आहे. ते एकीकडे ठेव. त्याले माफ कर असं मी म्हणत नाही, अन् करशील असं वाटतबी नाही. हे दुसरं आहे. हे काम आहे. मले ते अर्धं येते, तुले पुरं येते.

ये. थोड्या दिवसांसाठी ये. त्याच्याशी बोलू नको, त्यालेबी बोलता येत नाही.

जमनी


तांडा, पुसद तालुका
५ फेब्रुवारी

अंजू,

पहिल्याचं उत्तर नाही. पोस्टमननं खाल्ला नसेल कागद. हा दुसरा.

आठवडा झाला, प्रेमसिंगले घरी आणलं. अन् आणल्या आणल्या आम्ही त्याले मारलाच होता. वाईट कोणाच्या मनात नव्हतं. रीतीनं मारला असता.

आपल्या बायांचं तुले माहीत आहे. लय दिवसांनी कोणी भेटलं, नाही तर कोणी मोठ्या दुखण्यातून उठून आलं, का गळ्यात पडून सुरात रडायचं. तुही आत्या हंसाबाई मुकुटबनकडून खास आलती. तिचा गळा कसा आहे तुले ठाऊक. लग्नात नवरीपेक्षा हिचंच रडणं लोक ऐकतात. गाडीतून खाट खाली टेकली नाही तर ही भावाच्या गळ्यात पडली. "मार वीरा रे, मार वीरा," माह्या भावा रे, माह्या भावा, हाच सूर. मंग तिच्या गळ्यात दुसरी, दुसरीच्या गळ्यात तिसरी. सगळ्या ओढण्या त्याच्या तोंडावर, गळ्यावर. तांड्याचा नायक धरमसिंग मानाचा फेटा घेऊन उभा. माणसं डोळे पुसत होती. चांगलं रडल्या, खोटं कायले सांगू.

मी पलीकडे गाडीतून मशीन उतरवून घेत होती. पायानं चालवायची मशीन आहे, दवाखान्यानं वापरायले दिली, कारण तांड्यावरच्या लाईटचा नेम नाही. भात्यासारखी आहे. पाय दाबला का ओढते, पाय थांबला का थांबते.

नळी भरली का घरघर ऐकू येते, तेवढीच आपल्याले खूण. त्या रडण्यात कोणाले ऐकू जाईल? त्याले आवाज नाही. हात हालत नाही. बहीण गळ्यात पडून भोक बुजवते, अन् हा ओरडूबी शकत नाही. मले ओढण्यांच्या बाजूनं त्याच्या कानाची पाळी दिसली. जांभळाच्या रंगाची झालती.

मी हंसाबाईचा बुचडा धरला अन् मागे ओढली. पोटची पोरगी, धुळीत पाडली. एकीले कोपर हाणलं. गळा मोकळा केला, नळी घातली, पाय दाबत राह्यली. असा गोळा निघाला का शंकरसिंग आडवा व्हायच्या आधीच खाली बसला. मंग तुह्या बापाचा रंग परत आला.

रडणं थांबलं होतं. धरमसिंग म्हणे, "जमनी, बहीण भावाच्या गळ्यात रडून राह्यली, अन् तू तिले केसं धरून ओढते?"

"नायक, रडू नका कोण म्हणते? पायाकडे बसून रडा. पायाले भोक नाही."

हंसाबाई दुसऱ्या दिवशी न जेवता गेली. टेंगूळ घेऊन गेली. आता तांड्यावर बाया बोलून राह्यल्या, जमनीनं जित्या लेकासाठी रडू दिलं नाही, मेल्यावर तर काठीनं हाकलेल. बोलू दे. पण तेव्हापासून कोणी फिरकत नाही. आधी गर्दीनं जीव जात होता, आता कूस बदलायले माणूस भेटत नाही. मी अन् शंकरसिंग बदलतो. तो तोंड तिकडे करून उचलते, म्हणून कधी चादरच उचलते.

आता कामाचं विचारते. कफ पिवळा होऊन राह्यला, वास येते. माकडहाडाजवळ कातडी लाल झाली, बोटानं दाबली तरी लालच राहते. गळ्याच्या नळीच्या आत बसते ती बारकी नळी मी उकळून धुते, ते बरोबर आहे का? आरजू सिस्टरले फोन लावला तर ती ड्युटीवर असते, नाही तर ड्युटीवरून येऊन झोपलेली. आपल्या आशाताईले, निकिताले, विचारलं, तर ती म्हणे, "दादी, मले बाळंतीण विचारा, लसी विचारा. हे मी फोटोतबी नाही पाहिलं."

तुले विचारू नको तर कोणाले विचारू?

जमनी


तांडा
२७ फेब्रुवारी

अंजू,

पार्सल पोचलं. मऊ नळ्या, मोजे, मलम, अन् हवेची गादी. चिठ्ठी नाही. दुकानदारबी संग बिल टाकते. वर नाव माहं होतं, म्हणजे मले पाठवलं, त्याले नाही. समजलं. त्याच्याच पाठीखाली घातलं, आता काय करशील?

गादी चांगली आहे. लाईट असली का फुगते, गेली का तुहा बाप हळूहळू जमिनीकडे येते. शंकरसिंगचा पोरखेळ चालते त्याच्यावर. "दादा, उतरलास का?" म्हणते. एकदा प्रेमसिंग हसला. आवाज नाही, फक्त गाल हालले.

पाठीची जखम उघडली होती, मलमनं कडा आत येऊन राह्यल्या. नळ्या दवाखान्यातल्यापेक्षा मऊ आहेत, रक्त येत नाही.

एक सांगायचं राह्यलं होतं. निघताना आरजू सिस्टरनं दाखवलं होतं का, नळीभोवतीच्या फुग्यातली हवा आता सोडलेली आहे, तर धुतलेल्या कापडानं भोकावर थोडा वेळ बोट दाबलं का श्वास वर जाते अन् बोलता येते. मी बरेच दिवस केलंच नाही. भेव वाटे. मंग केलं. बारीक निघते आवाज, पत्र्यावर वाळू पडल्यासारखा, पण त्याचाच आहे. पाणी म्हणते. माशी म्हणते. पाय कुठे ठेवले माहे, म्हणते. तुहं नाव काढलं का? नाही काढलं. काढलं असं लिहिलं असतं तर तुले बरं वाटलं असतं का, मले माहीत नाही, म्हणून खरं ते लिहिलं.

सोमवारी थोडा तरास झाला. मशीनचा पाइप निसटला होता, म्हणून कफ काढायले उशीर झाला. निकितानं फोन करून गाडी बोलावली, पुसदले नेलं, परवा परत आणलं. आता ठीक आहे. पाइप बसवला.

माहे गुडघे गेले आहेत पण ते आधीच गेलते. झोप नाही. भाकर खाताना बी कान तिकडेच. घरात भांडं घसरलं तरी पाय आपोआप दाबल्या जाते, मशीन नसली तरी. शंकरसिंग म्हणते, थोडी पड. पडली का घरघर ऐकू येते. उठून पाहिलं तर नसते.

तुमच्या दवाखान्यात एखादा पेशंट नको म्हणाला तर काय करता? म्हणजे त्यालेच नको असलं तर. असंच विचारते.

जमनी


तांडा
२३ मार्च

अंजू,

तुहं कार्ड आलं. पाच वर्षांत पहिलं, अन् त्यात एवढंच. "दादी, त्या मशीनचा पाइप निसटला तर फट्ट आवाज होतो, लगेच समजतं. लावायला क्षणही लागत नाही. खरं काय झालं?"

कार्ड वाचून मी चूल पेटवायची विसरली. मले वाटलं होतं तू माहे कागद वाचतबी नसशील. तू तर असे वाचले जसं सिस्टर पेशंटचा चार्ट वाचते. बापाची एक ओळ विचारली नाही, पण पाइप पकडला.

पाइप निसटला नव्हता.

त्याच्या आदल्या शनिवारी दुपारी त्यानं डोळ्यानं कापडाकडे खूण केली. बोलायचं होतं. मी बोट ठेवलं. वाटलं, माशी असेल. तो म्हणे, "याडी," लहानपणी आई म्हणून हाक मारे तशीच, "पुढच्या खेपेले उठू नको."

मी बोट काढलं. बोलायचं तोंड त्याचं आहे, पण दार माह्या बोटाचं. काढलं का बंद. त्यानं पुन्हा खूण केली. मी पाहिलं न पाहिलं केलं, भांडी घासली, पाणी भरलं. तो पाहतच राह्यला. मंग पुन्हा ठेवलं.

"तुले होत नाही. मले सोसत नाही. एकदा बसून राहा फक्त."

मी म्हटलं, "जन्माले घातला तेव्हा तुले विचारलं नव्हतं, आता कायले विचारू?"

"म्हणूनच मी विचारून राह्यलो," म्हणे.

मी पुन्हा बोट काढून घेतलं.

सोमवारी शंकरसिंग हरभरा काढायले गेलता. घरात आम्ही दोघंच. मी दारात बसली होती. घरघर लागली. कामात होती असं नाही. हात मोकळे होते, मशीन पायाजवळ होती, पाइप जागेवर होता. मी बसून राह्यली.

त्यानं म्हटलं म्हणून बसली, असं लिहिलं तर सोपं होईल. पण मनात ते एकच नव्हतं. मनात हेबी होतं का हे संपलं तर मी झोपीन. कूस बदलावी लागणार नाही, कान लावावा लागणार नाही. त्याच्यासाठी बसली का माह्यासाठी, ते मले तेव्हा समजलं नाही अन् अजून समजत नाही. भिंतीवर मुंगळ्यांची रांग चालली होती, ती पाहात बसली.

घरघर बारीक झाली, मंग शिट्टीसारखी झाली, मंग थांबली. थांबली म्हणजे बरं झालं असं नसते, हे मले शिकवलं होतं आरजू सिस्टरनं. मी मान वळवली. त्याचे डोळे माह्यावर होते. अन् ते डोळे "उठू नको" म्हणत नव्हते.

कशी उठली माहीत नाही. नळी घातली तर आत जाईना, आतली बारकी नळी कफानं गच्च भरली होती. ती काढून फेकली, मोठीतून घातली, पाय दाबला. श्वास रोखायचा विसरली, त्याचाच थांबला होता तर माहा रोखून काय समजणार? दाबत राह्यली, ओरडत राह्यली, तेव्हा निकिता धावत आली. पुसदले डॉक्टरनं विचारलं, एवढा उशीर कसा झाला, आजी? मी म्हटलं, पाइप. त्यानं लिहून घेतलं. तुलेबी तेच लिहिलं. कोणीच पुढे विचारलं नाही, तू सोडून.

आता पुढचं ऐक, कारण यासाठी मी लिहून राह्यली.

तेव्हापासून तो बोट ठेवू देत नाही. म्हणजे अडवू तर शकत नाही, पण मी कापड घेतलं का डोळे मिटते. "बोल काय बोलायचं ते," म्हणते मी, अन् बोट ठेवलं तरी नुसता श्वास येते. अन् घरघर लागली का डोळे उघडते अन् माह्याकडे पाहते. ही उठते का, ते पाहते. दर वेळी. मी धावतच उठते, गुडघे घासत उठते, तरी पाहते. आईकडे असं पाहावं लागून राह्यलं त्याले, अन् ते मीच लावलं.

खरं कोणतं, हे मी त्याले विचारू शकत नाही. विचारलं अन् पुन्हा "उठू नको" म्हणाला, तर? नाही म्हणाला, तर मंग मी त्या दिवशी काय केलं?

धरमसिंग नायकाले विचारायची ही गोष्ट नाही. तो म्हणेल, पाप. हंसाबाईले सांगतलं तर ती रडेल, अन् ती रडली का सगळा तांडा जमते. शंकरसिंगले सांगतलं तर तो माह्यापासून भाऊ लपवेल, अन् कफ तर त्याले काढता येत नाही. म्हणून तुले विचारते. नात म्हणून नाही. ड्युटीवरची सिस्टर म्हणून उत्तर दे.

तुम्ही कोणाचं ऐकता? माणूस शांत असताना तोंडानं जे म्हणते त्याचं, का गुदमरताना डोळ्यानं जे म्हणते त्याचं? दोन्ही त्यानंच म्हटलं. एक ऐकलं तर दुसरं खोटं पडते.

अन् तुमच्यातली एखादी कधी अशी बसून राह्यली का? मुद्दाम नाही, आळसानं नाही, फक्त उठायचं राह्यलं. राह्यली असेल तर तिचं तुम्ही काय करता? घरी पाठवता, का पुन्हा त्याच खाटेजवळ उभी करता? तिचे हात मंग चालतात का पहिल्यासारखे? इथं माही बदली करायले कोणी नाही. सकाळी बसलेली मीच, संध्याकाळी उठणारीबी मीच. पुन्हा बसणार नाही असं मले कोणाले सांगता येत नाही. मलेच नाही सांगता येत.

येण्याचा आग्रह मी आता करत नाही. आलीस तर दारं उघडी आहेत, या घराले कडी राह्यलीच नाही. नाही आलीस तर नळ्या पाठवत जा, त्या संपत आल्या.

मधात उठावं लागलं, म्हणून वरच्या दोन ओळींवर पाणी सांडलं आहे. बराच निघाला. आज पांढरा आहे, वास नाही. आता तो डोळे उघडे ठेवून पडला आहे अन् मी काय लिहिते ते पाहून राह्यला. शंकरसिंग पुसदले चालला, त्याच्या हाती देते.

बापाची तब्येत विचारू नको, ती मी अशीच लिहीत जाईन. मी विचारलं त्याचं उत्तर दे. दोन ओळी दे, पण मले दे.

जमनी